रोज सकाळी अकरा वाजता

ब्रेकबाईंना ब्रेकबाई का म्हणतात, हे त्यांच्याकडे गाडी शिकलेल्या कुणालाही विचारा. एकतीस वर्षं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल एका गाडीवर चालू आहे, आणि त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला आहे. शिकणाऱ्याच्या मनात चूक यायचा अवकाश, बाईंचा पाय ब्रेकवर पडलेला असतो. गाडी गचकन थांबते, शिकणाऱ्याचं कपाळ स्टिअरिंगपासून वीतभर अंतरावर येतं, आणि मग बाईंचं तोंड सुरू होतं. त्याला मात्र कंपनीने ब्रेक दिलेला नाही.

अशा बाईचं हृदय ऐन साठीत ताल सोडून वागायला लागलं, आता बोला. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती, बाई ओट्यापाशी भांडी विसळत होत्या. एकाएकी छातीत फडफड सुरू झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातलं पातेलं सिंकमध्ये आपटलं. आवाज ऐकून यजमान आतून धावत आले. हे यजमान म्हणजे नकाशेवाले. सरकारी कचेरीत बसून चौतीस वर्षं शहराचे नकाशे काढून निवृत्त झालेले. एकूण एक गल्ली कागदावर तोंडपाठ, पण गाडी येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बाईंनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी एका न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवली, बाईंनी भर रस्त्यात त्यांचा उद्धार केला, तेव्हा ते शांतपणे उतरले, किल्ली बाईंच्या हातात दिली आणि चालत घरी गेले. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. भांडले नाहीत, रुसले नाहीत, नुसते 'मला बस बरी' म्हणाले. माणूस असा थंड की दाढी करताना भूकंप झाला तरी आधी दुसरा गाल पुरा करील.

तर त्या रविवारी नकाशेवाले रुग्णवाहिकेला फोन लावत होते, आणि बाई म्हणाल्या की ती येईपर्यंत मी जाऊन परत येईन. खरंच किल्ली घेतली, एका हाताने छाती दाबून धरली आणि स्वतः गाडी चालवत दवाखाना गाठला. शेजारी नकाशेवाले बाईंची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. तिथल्या खिडकीवरच्या मुलीने 'पेशंट कोण?' असं विचारून नकाशेवाल्यांसाठीच खुर्ची पुढे सरकवली, कारण पांढरेफटक तेच पडले होते.

पुढचं सगळं रीतसर झालं. हृदयाचे वरचे कप्पे धड आकसायचे सोडून नुसते थरथरतात, नको त्या जागेवरून वीज सुटते, म्हणून ठोके वाट्टेल तसे पडतात, असं डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. मांडीतल्या शिरेतून बारीक नळ्या वर न्यायच्या आणि त्या वात्रट जागा डागून टाकायच्या. याला म्हणतात अ‍ॅब्लेशन. नकाशेवाले म्हणाले, म्हणजे वायरमनचं काम. तेव्हापासून घरात डॉक्टरीणबाईंचं नाव वायरमन डॉक्टरीण पडलं. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. पहिल्या तीन महिन्यांत ठोके पुन्हा बिघडले तर घाबरायचं नाही, डागलेल्या जागा भरून यायला वेळ लागतो, त्या दिवसांतलं आम्ही मोजत नाही. तीन महिन्यांनंतर मात्र मोजतो. बाईंना हा नियम फारच पसंत पडला. त्यासुद्धा पहिल्या तीन दिवसांतल्या चुका धरत नसत, चौथ्या दिवसापासून सालटी काढत.

तीन महिन्यांत दोनदा फडफड झाली. बाई आनंदात होत्या, धरायचीच नव्हती ना. मग बंद झाली. हृदयाचा आलेख सुरेख आला, वायरमन डॉक्टरणीने शिकवायला परवानगी दिली आणि बाई पुन्हा आपल्या सीटवर जाऊन बसल्या. लेक दुसऱ्या शहरात विमानतळावर प्रवाशांच्या पिशव्या तपासायच्या कामावर असते. जे काही आहे ते यंत्रातून बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसत नाही. तिने आईला एक घड्याळ पाठवलं, जे मनगटावर बसून ठोके मोजतं आणि तिकडे लेकीच्या फोनवर चहाडी करतं. सोबत तंबी होती की ठोके पुन्हा बिघडले तर ड्रायव्हिंग स्कूल बंद, गाडी विकायची, आणि यावर चर्चा नाही. आईचाच ठसा, दुसरं काय.

सातव्या महिन्यात ते परत आलं.

सकाळी देवाचं नाव घ्यायच्या वेळी बाईंनी अंथरुणातच मनगटावर तीन बोटं ठेवली आणि त्यांना कळलं. दोन ठोके लगबगीने, मग एक गायब, मग चार एकावर एक, नवशिक्याने क्लच सोडावा तसे. नुसतं दुखणं त्यांना सोसलं असतं. पण ती सीट गेली तर त्या दिवसभर करणार काय? घरात बसून नकाशेवाल्यांना हाका मारायच्या? एकतीस वर्षांत त्यांनी दोन हजारांवर माणसं रस्त्यावर आणली होती. त्यांतली काही अजूनही त्यांना बघून पट्टा लावत. ती सीट म्हणजेच बाई होत्या, हे त्या कुणापाशी कबूल करणार नव्हत्या, पण खरं तेच होतं.

घड्याळ रात्री टेबलावर असायचं, म्हणून चहाडी अजून झालेली नव्हती. बाईंनी अर्धा मिनिट विचार केला. या घरात सगळ्यांत शहाणं हृदय कुणाचं? चहा घेत बसलेल्या नकाशेवाल्यांपाशी त्या गेल्या आणि म्हणाल्या की शिकवताना हात इकडेतिकडे आपटतो, घड्याळाची काच फुटायची, तर आठवडाभर जरा तुम्ही घाला. नकाशेवाल्यांनी घड्याळाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, 'बरं' म्हणाले आणि मनगट पुढे केलं.

झालं. तिकडे लेक खूश. आई, तुझे ठोके चोपन्न, अगदी खेळाडूसारखे. आई, तू दुपारी दीड ते चार झोपतेस, शेवटी अक्कल आली म्हणायची. बाई फोनवर 'हो गं, आता वयच झालं' वगैरे म्हणत आणि इकडे एकशे तीसच्या ठोक्यांनी कुणाला तरी उलटी गाडी लावायला शिकवत. आठवड्याचे दोन झाले. फडफड आधी तासाभराची होती, मग अर्ध्या दिवसाची झाली. रक्त पातळ ठेवायची गोळी त्या न चुकता घेत, तेवढ्यावर त्यांनी मनाचं समाधान करून टाकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात लेकीचा फोन आला, आणि आवाजात पिशवी उघडायला लावतानाचा कडकपणा होता. रोज सकाळी अकरा वाजता तुझे ठोके एकशे दहाच्या वर जातात, साडेअकरापर्यंत तसेच राहतात, मग खाली येतात, हे काय आहे? बाई म्हणाल्या जिना. लेक म्हणाली जिना अर्धा तास? बाई म्हणाल्या मोठा जिना. फोन ठेवला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठोके नकाशेवाल्यांचे. आणि रोज अकराला नकाशेवाले वाचनालयात असतात, म्हणजे तसं सांगून जातात. वर्तमानपत्र वाचताना त्या माणसाचे ठोके एकशे दहा? स्वतःच्या लग्नात तरी तेवढे गेले असतील की नाही, शंकाच होती.

आता विचारावं तर घड्याळाचं बिंग फुटतं. न विचारावं तर रात्री डोळा लागत नाही. तीन दिवस बाईंनी नवऱ्याचा शर्ट हुंगला, खिसे चाचपले, चेहरा न्याहाळला. माणूस खुशीत दिसत होता. न्हाणीघरात शीळ घालत होता. बाईंच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं, आणि चौथ्या दिवशी त्यांनी तपासाला निघायचं ठरवलं.

अकराच्या तासाला त्यांच्याकडे एक दातांचा डॉक्टर शिकत होता. दिवसभर लोकांच्या तोंडात सुई खुपसताना याचा हात हलत नाही, पण गिअरच्या दांड्याला लागला की लटलटतो. चौकात वळायचं झालं की सवयीने पुटपुटायचा, 'थोडंसं दुखेल.' बाईंनी त्याला नेहमीचा रस्ता सोडून वाचनालयाच्या रस्त्याला घातलं. नकाशेवाले वाचनालयापाशी आले, पायरीपाशी थांबले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि पुढे चालू लागले. 'त्या गृहस्थांच्या मागे जायचं,' बाईंनी हुकूम सोडला. दंतवैद्याने विचारलं, कोण आहेत? बाई म्हणाल्या, अभ्यासक्रमातलाच भाग आहे, पहिल्या गिअरमध्ये चल.

कोपऱ्यावर एक पिवळी गाडी उभी होती. ही गाडी बघितली की बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबत, कारण ती पिवळ्याची होती. पिवळ्या म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी. बाईंच्या हाताखाली तीनदा परीक्षेत नापास झाला, चौथ्यांदा कसाबसा सुटला, आणि पुढे बेशरमपणाने त्याच पेठेत स्वतःचं स्कूल काढलं. चार पिवळ्या गाड्या, काचेवर 'हसत खेळत शिका' असं लिहिलेलं. बाईंचं मत असं की हसत खेळत फक्त अपघात होतात.

नकाशेवाले त्या गाडीपाशी गेले. पिवळ्याने त्यांना नमस्कार केला. आणि नकाशेवाले, लग्नाला सदतीस वर्षं झालेले, 'मला बस बरी'वाले, चालवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला आणि पिवळी गाडी गचके देत निघाली.

दुसरी एखादी बाई असती तर एक वेळ त्यांनी तिला बघून घेतलं असतं. पण पिवळ्या? घरात गंगा असताना हा माणूस डबक्यात आंघोळीला गेला होता. 'त्याच्या मागे ने, मागे ने,' त्या ओरडल्या. मागे जाणं सोपं होतं, पुढची गाडी बैलगाडीच्या वेगाने जात होती. चौकापाशी ती एकाएकी थांबली, आणि बाईंच्या छातीत सगळं एकदम सुटलं. फडफड नव्हे, थैमान. कान बंद झाले, समोरचा पिवळा रंग पसरत गेला. पाय ब्रेककडे न्यायचा आहे हे त्यांना कळत होतं, आणि पाय जागचा हलत नव्हता.

गाडी थांबली. पिवळ्या गाडीच्या मागे हातभर जागा ठेवून, झकास थांबली.

'मॅडम, मीच दाबला,' दंतवैद्य म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच लहान मुलासारखं हसू होतं. 'तुमच्याआधी दाबला मी.'

बाईंनी मान हलवली. शाबास म्हणाल्या की नाही, हे त्यांना नंतर आठवेना. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याने दाबला नसता तर काय, हा विचार त्यांनी मनाशी धरला आणि लगेच सोडून दिला, कारण तो हातात धरवत नव्हता. दंतवैद्याला त्यांनी त्याच्या दवाखान्यापाशी उतरवलं, अर्धा तास गाडीत बसून राहिल्या आणि फडफड ओसरल्यावर घरी गेल्या. त्या अर्ध्या तासात भीती वाटून गेली होती आणि तिच्या जागी राग येऊन बसला होता. राग बाईंना नेहमीच सोयीचा पडे.

साडेबाराला नकाशेवाले आले. चपला काढल्या, पाणी प्यायले.

'कुठे होता?' बाईंनी विचारलं.

'वाचनालयात.'

'कुठल्या गिअरमध्ये?'

नकाशेवाल्यांनी पेला खाली ठेवला. 'दुसऱ्या,' ते म्हणाले. 'तिसरा उद्या शिकवणार आहे.'

मग बाईंनी जी तोफ डागली ती शेजारच्या दोन घरांनी ऐकली. जगात काय शिकवणारे मेले होते, सगळं आयुष्य एका शिकवणाऱ्या बाईच्या ताटाला ताट लावून जेवलात आणि शेवटी त्या तीनदा नापास झालेल्याच्या पायाशी जाऊन बसलात, पेठेत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत, आणि क्लच तरी किती सोडता, मागून बघवत नव्हतं. नकाशेवाले सगळं ऐकत उभे होते. तोफ थंडावली तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि टेबलावर ठेवलं.

'तुझ्याकडे शिकायला आलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं,' ते म्हणाले. 'हे तू माझ्या हाताला बांधलंस ना, त्याच सकाळी कळलं मला. तुझे ठोके चांगले असते तर तू ते लेकीला मिरवून दाखवले असतेस. माझे कशाला दाखवले असतेस?'

बाईंची वाचा बसली. सदतीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बसली ती न्हाव्याच्या पायरीपाशी, त्यांनी किल्ली हातात दिली तेव्हा. मग विचारलं का नाही, असं त्यांनी कसंबसं म्हटलं.

'सांगितलं असतंस?'

बाईंनी टेबलावरचं घड्याळ उलटं करून ठेवलं.

'त्या रविवारी तू छाती दाबून गाडी चालवत होतीस आणि मी तुझी पर्स धरून बसलो होतो,' नकाशेवाले म्हणाले. 'दवाखान्याला जायच्या चार वाटा मला माहीत आहेत. सगळ्या मीच काढलेल्या. आणि तुला कुठल्याच वाटेने नेता येईना. पुन्हा ती वेळ आली तर मला पर्स धरून बसायचं नाही. म्हणून गेलो. घड्याळ बांधलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलो. पिवळ्या ओरडत नाही गं. मला ओरडलं की काही सुचत नाही.'

बाईंना रडू आलं. नवऱ्यावर माया आली तशीच लाजही वाटली, आणि दोन्हींचा राग येऊन त्यांनी टेबल उगाचच पुसायला घेतलं. तेवीस दिवस हा माणूस सगळं जाणून होता, रोज अकरा वाजता घाबऱ्या छातीने रस्त्यावर जात होता आणि घरी येऊन शीळ घालत होता.

वायरमन डॉक्टरणीकडे दुसऱ्या दिवशी दुपारी चारची वेळ मिळाली. बाईंनी दोन अटी घातल्या. एक, जायचं आपल्याच गाडीने, आणि चालवायची नकाशेवाल्यांनी. त्यांच्याकडे शिकाऊ परवाना होता, बाई शेजारी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसणार, म्हणजे कायद्यात चोख बसत होतं. दोन, वायरमन डॉक्टरणीला सांगायचं की त्रास परवापासून आहे. दोन दिवसांचं दुखणं म्हटलं तर ती औषध बदलून देईल आणि सीट राहील. तेवीस दिवस म्हटलं तर गेलीच. नकाशेवाले 'बरं' म्हणाले, पण या वेळी ते बायकोकडे न बघता म्हणाले.

बारा मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं लागली. चारपैकी नेमकी कुठली वाट होती देव जाणे, पण तीत एकही उजवं वळण नव्हतं. बाईंचा पाय संपूर्ण वेळ ब्रेकच्या वर अधांतरी होता. तोंड त्यांनी ओठ चावून बंद ठेवलं होतं. इतका त्रास त्यांना अ‍ॅब्लेशनच्या वेळीही झाला नव्हता.

आलेख काढायच्या यंत्राने लपवायला काही ठेवलं नाही. कागदावर टोकं वेडीवाकडी पडली होती. वायरमन डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, परत आलंय. एकदा डागून न भागणारे पुष्कळ असतात, दुसऱ्यांदा करावं लागतं, त्यात जगबुडी नाही. मग तिने पेन उघडलं.

'कधीपासून आहे?'

'परवा' हा शब्द बाईंच्या जिभेवर तयार होता. त्यांनी नकाशेवाल्यांकडे बघितलं. ते भिंतीवरचं हृदयाचं चित्र नकाशा वाचावा तसं वाचत उभे होते, आणि एक अक्षर बोलणार नव्हते, तेवीस दिवस बोलले नव्हते तसेच. बाईंना दंतवैद्याचं हसू आठवलं. बिचाऱ्याला वाटत होतं की आपण बाईंना हरवलं.

'आजचा चोविसावा दिवस,' बाई म्हणाल्या. 'आणि काल गाडीत डोळ्यांपुढे अंधारी आली. ब्रेकवर पाय गेला नाही माझा. पोराने दाबला म्हणून वाचलो.'

नकाशेवाले गर्रकन वळले. हे त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टरणीने सगळं लिहून घेतलं. पाच आठवड्यांनी दुसरं अ‍ॅब्लेशन, तोवर वाढीव औषध, आणि तोवर चालवायच्या सीटवर बसायचं नाही, शिकवायच्या सीटवर तर मुळीच नाही. पुन्हा केव्हा बसायचं, किंवा बसायचं की नाही, ते नंतर बघू. एवढं झाल्यावर तिने सहज विचारलं की आज इथे आलात कशा? दोघांनी एकदम जमिनीकडे बघितलं. तिने कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर पेच लक्षात आला. गाडी आवारात उभी. बाईंना तिच्यात पुढे बसायची बंदी. नकाशेवाले चालवू शकतात, पण शेजारी शिकवणारा असला तरच. आणि शहरात शिकवणारी बाई एकच, जिला आत्ताच उतरवलं होतं. फाटकावरचा पहारेकरी सांगून गेला की सहानंतर आवारात गाडी ठेवता येणार नाही. नकाशेवाले खिशातला फोन चाचपत उभे राहिले. काय विचारायचंय ते बाईंना कळत होतं आणि ते विचारायचं धाडस नकाशेवाल्यांना होत नव्हतं.

'बोलवा त्याला,' बाई म्हणाल्या.

पिवळ्या वीस मिनिटांत हजर झाला. त्याला हसू आलं असतं तर बाईंनी तिथल्या तिथे त्याचा गळा धरला असता, पण तो हसला नाही. बाईंपुढे चौथ्यांदा परीक्षेला आल्यासारखा हात बांधून उभा राहिला. बाईंनी पर्समधून वही काढली. पाच आठवडे तरी अकरा जणांना कुणीतरी शिकवायला हवं होतं. एकेकाचं नाव, वेळ आणि खोड त्यांनी त्याला वाचून दाखवली. ही आरसा बघत नाही. हा बघतो, पण स्वतःला. त्या आजींना डावं-उजवं सांगू नको, हात दाखव. दंतवैद्याच्या नावापाशी त्यांचा आवाज थोडा हलला. हा ब्रेक स्वतः दाबतो, एवढंच म्हणाल्या. पिवळ्याने वही हातात घेऊन सगळं निमूटपणे उतरवून घेतलं आणि ती परत द्यायला लागला, तर बाईंनी ती घेतली नाही.

मग तो शिकवणाऱ्याच्या सीटवर बसला. बाईंच्या सीटवर. नकाशेवाले स्टिअरिंगपाशी. आणि बाई आपल्याच गाडीत, आयुष्यात पहिल्यांदा, मागे. तिथे पायांपुढे काहीच नव्हतं, नुसतं रबरी पायपुसणं. त्यांनी पाय इकडे ठेवून बघितले, तिकडे ठेवून बघितले, शेवटी एकावर एक घेतले. छातीत फडफड चालू होती.

आवाराच्या तोंडाशी, अगदी हमरस्त्याला लागताना, गाडी बंद पडली. नकाशेवाल्यांनी पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागे एक भलीमोठी गाडी येऊन भोंगा वाजवायला लागली. नकाशेवाल्यांच्या मानेवर घाम दिसायला लागला. पिवळ्याने मागे वळून बाईंकडे बघितलं. नकाशेवाल्यांचे खांदे वर आले, सदतीस वर्षांपूर्वी आले होते तसे, आता ओरडा बसणार म्हणून.

बाईंनी काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि मागच्या भोंगेवाल्याला असं काही सुनावलं की फाटकावरचा पहारेकरीही खुर्चीतून उठला. माणूस शिकतोय, दिसत नाही? आईच्या पोटातून शिकून आला होतास? भोंगा जागच्या जागी मेला.

बाई आत आल्या, काच वर केली आणि पदर सारखा केला. धाप लागली होती. ठोके हव्या त्या दिशेला धावत होते. त्यांनी पुढे वाकून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांचा तो आवाज पिवळ्यानेही याआधी कधी ऐकला नव्हता.

'तुम्ही तुमच्या वेगाने घ्या,' त्या म्हणाल्या. 'मला काही इतक्यात कुठे जायचं नाहीये.'

गाडी चालू झाली. नकाशेवाल्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं, क्लच हळूहळू सोडला आणि घरापर्यंतची सगळी वाट पहिल्या गिअरमध्ये काढली.